वसंतातील कायाकिंग : ऊन उबदार, पाणी मात्र जीवघेणे

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात मे महिन्यात हवेचे तापमान २० अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकते. गवताळ माळ हिरवा होऊ लागतो आणि बर्फमुक्त सरोवरांवर कायाक, म्हणजे दुपाती वल्ह्याने हाकायच्या अरुंद होड्या, उतरू लागतात. हाच काळ सर्वांत फसवा असतो.

रिजायना शहराच्या वायव्येस असलेले लास्ट माउंटन लेक हे त्याचे ठळक उदाहरण. सुमारे ९० किलोमीटर लांबीच्या या चिंचोळ्या सरोवराच्या उत्तर टोकाला १८८७ मध्ये राखून ठेवलेले क्षेत्र उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुने पक्षी अभयारण्य मानले जाते. स्थलांतरित क्रौंच पाहण्यासाठी शांत पाण्यावर जाण्याचा मोह स्वाभाविकच आहे.

पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते. त्यामुळे बर्फ वितळल्यावर पृष्ठभागाचे पाणी किंचित तापले, की जड होऊन खाली जाते आणि खालचे गार पाणी वर येते. संपूर्ण सरोवर ४ अंशांवर येईपर्यंत वरच्या थरात ऊब टिकत नाही. परिणामी अंगाला ऊन लागते, पण हात बुडवताच बोटे बधिर होतात.

अशा पाण्यात होडी उलटल्यास शरीर गारठून मृत्यू येतो, ही समजूत अपुरी आहे. खरा धोका पहिल्याच मिनिटाचा. थंडीच्या धक्क्याने माणूस नकळत मोठा श्वास ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे संशोधक गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी हे ‘१-१०-१’ या सूत्रात मांडले आहे : श्वासावर ताबा मिळवण्यासाठी १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटे आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण १ तास. शेवटचा तास जीवरक्षक जॅकेट घातलेल्यालाच मिळतो. होडीत नुसते ठेवलेले जॅकेट गारठलेल्या बोटांनी पाण्यात चढवणे जवळपास अशक्य असते.

म्हणूनच जाणकार पोशाख हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानानुसार निवडतात आणि किनाऱ्यालगतच वल्हवतात. माळावर वाऱ्याला अडवणारे फारसे काही नसते. सरोवराच्या लांबीच्या दिशेने वारा सुटला, की सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारी उसळू लागते.