दिवसा झाड, रात्री तारे

● झाडे : बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर सकाळच्या तिरप्या उन्हात खोडाच्या भेगा उठून दिसतात. बुंध्याशी माणूस उभा केला की फोटोत आकाराचा अंदाज येतो.

● शहरातच टिपायचे तर वारसा वृक्ष : २०२१ च्या कायदा दुरुस्तीनुसार राज्याच्या शहरी भागातले ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड.

● तारे : उद्यान संध्याकाळी पर्यटकांना बंद होते आणि आकाशही शहराच्या दिव्यांनी फिकटलेले असते. म्हणून मुंबईचे आकाशवेडे कर्जत मार्गावरचे वांगणी गाठतात.

● केव्हा : पावसाळ्याआधी, अमावास्येच्या आसपास. आकाशगंगेचा गाभा धनू राशीकडे शोधा. फेब्रुवारीत पहाटे, मेमध्ये रात्री अकरानंतर.

● शटर किती सेकंद उघडे : फुल-फ्रेम कॅमेऱ्यात ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा. २० मिमीला २५ सेकंद. त्यापुढे ताऱ्यांच्या रेघा उमटतात.

● दोन्ही एकाच चौकटीत : नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प. जानेवारी २०२४ मध्ये तो देशातला पहिला 'डार्क स्काय पार्क' ठरला.