अर्भकाचे प्रथिन आणि प्रतिद्रव्याची पारख

हैद्राबाद शहराच्या तारनाका भागात, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. 1918 साली कुन्नूर येथे स्थापन झालेली ही संस्था 1958 साली हैद्राबादेस आली. 1974 च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानमधील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत कावीळ व पोटात पाणी होणे अशी लक्षणे असलेल्या रोगाची साथ पसरली, तेव्हा तिचा छडा या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लावला. 397 व्यक्तींना बाधा झाली व त्यांपैकी 106 दगावल्या. बाधित घरांतील कुत्र्यांनाही तोच विकार जडला होता. माणूस व कुत्रा या दोघांच्या आहारात समान काय, याचा शोध घेता मक्याच्या भाकरीवर बोट ठेवले गेले. अवकाळी पावसाने भिजलेल्या मक्यावर बुरशी चढली होती आणि तिने निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष त्या मक्यात दर किलोग्रॅमला 6.25 ते 15.6 मिलिग्रॅम इतके आढळले. 1975 साली या साथीचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हे विष एकदम मोठ्या प्रमाणात पोटात गेले तर यकृत तत्काळ निकामी होते. अल्प प्रमाणात वर्षानुवर्षे जात राहिले तर यकृताचा कर्करोग होण्याचा संभव वाढतो. त्यातच ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीरात ठाण मांडून असेल, तर धोका अनेक पटींनी वाढतो. हा कर्करोग बराच काळ मूकपणे वाढतो. त्याचा सुगावा लागावा म्हणून रक्तातील ज्या प्रथिनाचे मोजमाप करतात, त्याचे नाव अल्फा फीटोप्रोटीन. मराठीत त्यास ‘अर्भक-प्रथिन’ म्हणता येईल.

गर्भावस्थेत हे प्रथिन प्रथम पीतक कोशात व नंतर यकृतात तयार होते. जन्मानंतर त्याचे उत्पादन जवळजवळ थांबते आणि प्रौढाच्या रक्तात ते एका मिलिलिटरला सामान्यतः 10 नॅनोग्रॅमपेक्षा कमी असते. (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश.) 1963 साली मॉस्को येथील गॅरी अॅबेलेव्ह यांना यकृतात गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात हे प्रथिन पुन्हा प्रकट झालेले आढळले, व पुढील वर्षी तातारिनोव्ह यांनी ते मानवी रुग्णातही दाखविले. कर्करोगाने बिघडलेली पेशी आपले प्रौढत्व विसरते आणि गर्भावस्थेतील उद्योग पुन्हा आरंभिते, असेच म्हणावे लागेल.

आता खरी अडचण पाहू. रक्तात अल्ब्युमिन नावाचे दुसरे प्रथिन आहे. ते व अर्भक-प्रथिन एकाच कुळातील होत. दोहोंची घडण तीन भागांची, आणि अॅमिनो आम्लांच्या मालिकेत सुमारे 40 टक्के साम्य. अल्ब्युमिन मात्र एका मिलिलिटरला सुमारे 40 मिलिग्रॅम असते, म्हणजे प्रौढातील अर्भक-प्रथिनाच्या निदान 40 लाख पट. जत्रेच्या गर्दीत एक माणूस हुडकावयाचा आणि भोवतीचे सर्व त्याचेच भाऊबंद, अशातली ही गत. ही पारख प्रतिद्रव्य करते.

प्रतिद्रव्य हे रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर तयार करीत असलेले, दोन बाहूंचे प्रथिन. प्रत्येक बाहूच्या टोकास एक खाच असते. त्या खाचेत समोरच्या प्रथिनाचा केवळ एक लहानसा पृष्ठभाग, पंधरा-वीस अॅमिनो आम्लांएवढा, बसतो. अर्भक-प्रथिन ही 591 अॅमिनो आम्लांची एक लांब साखळी आहे. ती वळून-दुमडून तिची घडी बनते. त्यामुळे साखळीत एकमेकांपासून दूर असलेली आम्ले घडीच्या पृष्ठभागावर शेजारी येतात व मिळून प्रतिद्रव्यास ओळखता येईल असा उंचसखल ठसा तयार होतो. घडी उसवली की ठसा नाहीसा होतो. उकडलेल्या अंड्याचा बलक पुन्हा पातळ होत नाही, तसेच तापलेले प्रथिन मूळ आकारास सहसा येत नाही. म्हणूनच तपासणीचे रक्त थंड जागी सांभाळून पाठविण्याचा आग्रह धरला जातो. भावंडांशी साम्य नसलेला ठसा निवडणारे एकाच जातीचे प्रतिद्रव्य हवे तेवढे तयार करण्याची युक्ती कोलर व मिलस्टाइन यांनी 1975 साली केंब्रिजमध्ये शोधली व त्यांना 1984 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्यक्ष चाचणीत दोन प्रतिद्रव्ये वापरतात. एक तळाशी चिकटविलेले असते. ते प्रथिनास एका बाजूने धरते. दुसरे रंग वा प्रकाश देणारे असते; ते दुसऱ्या बाजूस बसते. दोन भाकऱ्यांमध्ये पिठले असावे तशी ही रचना. परंतु प्रथिन अतोनात वाढले असेल, तर दोन्ही प्रतिद्रव्ये निरनिराळ्या रेणूंनी अडकून पडतात, जोडी जमत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. संशय आल्यास प्रयोगशाळा नमुना पातळ करून पुन्हा मोजते. रोग्यास मोठी गाठ असता कागदावर लहान आकडा दिसल्यास तो निमूटपणे स्वीकारू नये.

दुसरा पेच याहून सूक्ष्म आहे. यकृतास सूज आली, त्यास सिरोसिस झाला वा स्त्री गर्भवती असली, तरीही हे प्रथिन वाढते. साखळी तीच, घडी तीच. त्यामुळे प्रतिद्रव्यास फरक उमगत नाही. फरक असतो तो प्रथिनास एका जागी जोडलेल्या शर्करेच्या फांदीत. कर्करोगाच्या पेशी त्या फांदीच्या बुंध्याशी फ्युकोज नावाची एक जादा शर्करा बहुधा जोडतात. ही जोड ओळखणारा पदार्थ सापडला तो चक्क मसुरात! मसुरातील लेक्टिन हे प्रथिन फ्युकोज असलेल्या अर्भक-प्रथिनास पकडते, बाकीचे सोडून देते. पकडलेल्या भागाचे प्रमाण 10 टक्क्यांहून अधिक असल्यास कर्करोगाचा संशय बळावतो. (मसुराची आमटी खाल्ल्याने रोग ओळखला जातो वा बरा होतो, असा याचा अर्थ कृपया कोणी काढू नये.)

यकृताच्या कर्करोगाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हे प्रथिन वाढतच नाही. म्हणून सिरोसिस वा ‘ब’ काविळीच्या जुनाट रुग्णांची दर सहा महिन्यांनी ध्वनिलहरींनी यकृत तपासणी करावी व रक्तचाचणी तिच्या जोडीस ठेवावी, असे तज्ज्ञ सांगतात. निरोगी माणसाने केवळ धास्तीने ही चाचणी करून घेण्यात लाभ नाही. नवजात बालकास 24 तासांच्या आत ‘ब’ काविळीची लस देणे मात्र निश्चित उपयोगाचे आहे.

प्रतिद्रव्याची हीच कला धान्यातील विष शोधण्यासही उपयोगी पडली. हैद्राबादजवळील पटनचेरू येथील ‘इक्रिसॅट’ संस्थेत भुईमूग व अन्य धान्यांतील अफ्लाटॉक्सिन मोजणारी स्वस्त चाचणी विकसित झाली. अफ्लाटॉक्सिनचा रेणू इतका लहान की त्यावर एकाच वेळी दोन प्रतिद्रव्ये बसूच शकत नाहीत. तेथे चढाओढीची पद्धत योजतात: नमुन्यातील विष जितके अधिक, तितका रंग फिका. अशा तपासणीत नापास ठरलेला माल शिजवून, भाजून वा दळून निर्विष होत नाही, कारण साध्या चुलीच्या उष्णतेने हे विष फारसे नष्ट होत नाही. ते होऊ नये याची काळजी खळ्यावरच घ्यावी लागते: मका व शेंगा उन्हात कडकडीत वाळवून, फुटक्या व काळवंडलेल्या शेंगा वेचून काढून, आणि पोती ओल्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचून.