गुडघा बदलल्यानंतरचे दुखणे आणि मळमळ



या पानावर एरवी बेणे, खोडवा, पाचट असलेच विषय येतात. या खेपेस विषय वेगळा आहे. अलीकडे शिवारफेरीला गेले की बहुतेक गावांत एखाद्या घरी तरी ‘गुडघ्याची वाटी बदलून’ आलेले कोणी भेटतेच. खर्चाची चर्चा सगळेच करतात. पण घरी आल्यावरचे पहिले तीन आठवडे कसे काढायचे, हे सांगणारा माणूस मिळत नाही. मग दुखते म्हणून व्यायाम बंद, मळमळते म्हणून गोळ्या बंद, आणि एवढे पैसे घालून बसवलेला गुडघा आखडून बसतो. एकदा आखडला की तो मोकळा करणे फार जड जाते. मी शेती पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. तेव्हा हा मजकूर वाचून कोणी आपल्या मनाने औषध बदलू नये. डॉक्टरांना काय सांगायचे आणि काय विचारायचे, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

प्रथम ऑपरेशन म्हणजे काय ते पाहू. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके कापून त्यावर धातूची टोपणे बसवतात व मधे टणक प्लॅस्टिकची चकती घालतात. जुने दुखणे झिजेचे होते, ते यात जाते. नंतरचे दुखणे हाड आणि मांस कापल्याचे असते. ते वेगळे असते आणि दिवसागणिक उतरत जाते. ‘साहेब, गुडघा बदलला तरी दुखणं काही जाईना’ असे पंधराव्या दिवशी म्हणणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा. पहिले दोन-तीन दिवस कडक, मग दोन-तीन आठवडे बरेच दुखणे, आणि सूज व ऊब तर काही महिने राहू शकते. दहांतील एक-दोघांचे दुखणे पुढेही रेंगाळते, हेही आधीच माहीत असलेले बरे.

आपल्याकडे या ऑपरेशनचे नाव घरोघरी गेले ते तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, आणि जून २००१ मध्ये तेथेच उजवा. दोन्ही वेळा न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. पुढच्या काळात सांध्याभोवतीच्या मांसात ऑपरेशनच्या टेबलावरच बधिरतेचे व सूज उतरवणारे औषध मिसळून टोचण्याची पद्धत रूढ झाली. राणावत यांच्या पथकानेही त्यावर बरेच काम केले आहे. त्यात हेतू असा की पोटातून किंवा शिरेतून द्यायचे जोरदार औषध कमी लागावे आणि त्याबरोबर येणारी उलटीही कमी व्हावी.

आज चांगल्या ठिकाणी दुखण्यावर एकच औषध देत नाहीत. पाठीत भूल, मांडीतील शीर बधिर करणारे इंजेक्शन, पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी गोळी, आणि लागलेच तर ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या जातीचे औषध, असे थोडे थोडे सर्व मिळून काम करतात. बधिरतेचा असर साधारण अर्ध्या ते एका दिवसात उतरतो आणि मग दुखणे एकदम अंगावर येते. संध्याकाळी हसत बोलणारा पेशंट पहाटे विव्हळू लागतो, आणि घरचे घाबरून जातात. म्हणून असर उतरण्याच्या आधीच पुढची गोळी कधी द्यायची, हे नर्सला विचारून ठेवावे.

घरी आल्यावरही हाच नियम. उसाला आपण पाने सुकल्यावर पाणी देत नाही, पाळी ठरवून देतो. पहिल्या काही दिवसांत दुखण्याची गोळीही घड्याळावर द्यावी. दुखणे चढल्यावर घेतली तर तीच गोळी अपुरी पडते. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळीची वेळ येईल असे बसवून घ्यावे. ‘खूप दुखतं’ असे मोघम सांगण्यापेक्षा शून्य ते दहात किती, हे सांगितले तर डॉक्टरांना निर्णय सोपा जातो. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, उघडा ठेवू नये. झोपताना पाय उंच ठेवायचा असेल तर उशी टाचेखाली घ्यावी. गुडघ्याखाली उशी बरी वाटते खरी, पण त्याने पाय सरळ व्हायचा राहतो. आमच्या भागातल्या आयाबाया नेमके हेच करतात.

पॅरासिटामॉल साधे वाटते, पण ते निरनिराळ्या नावांनी मिळते. क्रोसिन, डोलो आणि ट्रॅमाडॉलच्या काही मिश्र गोळ्या, या सर्वांत ते असते. तापाची म्हणून एक आणि दुखण्याची म्हणून दुसरी घेतली तर मात्रा दुप्पट होते. मोठ्या माणसाला दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये. वयस्क, कमी वजनाच्या किंवा दारू घेणाऱ्याला त्याहून कमी. यकृतावर बेतते.

आता आपल्या जिल्ह्यासाठी महत्त्वाची गोष्ट. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे, आणि तेथील गावांत किडनीचे रुग्ण किती आहेत हे आपणांस सांगायला नको. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक या सूज उतरवणाऱ्या गोळ्या किडनीवर ताण टाकतात, रक्तदाब वाढवतात, पोटात व्रण करतात. ऑपरेशननंतर रक्त पातळ करणारे औषधही चालू असते, त्यात या गोळ्या मिसळल्या तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून क्रिएटिनिनचा अहवाल दाखवल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत. मेडिकलवाल्याकडून ‘ती तेव्हाचीच पत्ती द्या’ असे म्हणून तर मुळीच नको. गावात मिळणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांतून कधी कधी स्टेरॉइड निघते. त्या चालू असतील तर ऑपरेशनपूर्वीच, लाज न धरता, डॉक्टरांना सांगावे.

मळमळीचे कारण पोटातच असते असे नाही. मेंदूत उलटीचे एक केंद्र आहे. पोट, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि रक्तातील औषधे, सगळीकडून त्याला खबर जाते. मॉर्फिन-ट्रॅमाडॉल त्याला चाळवतात, भुलीने रक्तदाब उतरला तरी ते चाळवते. कोणाला जास्त त्रास होईल हे बरेचसे आधी ओळखता येते. स्त्री असणे, बिडी-सिगारेट न ओढणारे असणे, पूर्वीच्या ऑपरेशनात उलट्या झालेल्या असणे किंवा गाडी लागणे, आणि नंतर मॉर्फिनच्या जातीचे औषध लागणार असणे, अशा चार गोष्टी भूलतज्ज्ञ मोजतात. चारही असतील तर दहांपैकी आठांना उलटीचा त्रास होतो, एकही नसेल तर एखाद्यालाच. (बिडी ओढणाऱ्याने यात आनंद मानू नये. त्याची जखम उशिरा भरते.) चिखलीची एसटी लागणारी आपली माय हे डॉक्टरांपुढे आपणहून बोलणार नाही. ते मुलाने सांगावे. मग उलटीचे औषध आधीच देता येते. ऑनडान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन ही नेहमीची. दुसऱ्याने साखर काही काळ वाढते, तेव्हा मधुमेहाचा उल्लेख राहू नये.

घरी मळमळ झाली तर आधी पाहावे की गोळी उपाशीपोटी घेतली का, आणि पोट साफ आहे का. ट्रॅमाडॉलने मलावरोध होतो, ऑनडान्सेट्रॉननेही होतो, आणि तुंबलेल्या पोटाने मळमळ वाढते. पाणी भरपूर, ताक, फळे, डॉक्टरांनी दिलेले रेचक, आणि दिवसातून चार-पाच वेळा चालणे. भाताची पेज, पातळ वरण, मऊ खिचडी थोडी थोडी द्यावी. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते. ठेचा-भाकरी आठवडाभर बाजूला. या दिवसांत एकादशी-चतुर्थीचा उपवास धरू नये. धरायचाच तर डॉक्टरांना विचारून. पलंगावरून एकदम उठवू नये. दोन मिनिटे कडेला बसवून मग उभे करावे. उलट्या गोळीमुळेच होतात असे वाटले तर सगळ्या गोळ्या बंद न करता फोन करून एखादी बदलून घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी तर आपल्या मनाने कधीच थांबवू नये.

खर्चाबाबत एक माहिती. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर अशी होती. पुढे आकडे बदलले आहेत, म्हणून बिलावर गुडघ्याची किंमत वेगळी मागून घ्यावी.

खालीलपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये : पोटरी सुजून दुखणे, एकाएकी दम लागणे किंवा छातीत दुखणे, ताप व जखमेतून पाणी किंवा पू, काळी शौचास, पाणीही न ठरणाऱ्या उलट्या, लघवी फार कमी होणे, किंवा गोळीनंतर पेशंट हलवूनही नीट जागा न होणे व श्वास संथ पडणे. दम, छातीतले दुखणे आणि न उठणारी गुंगी यांस थेट १०८ ला फोन करावा. निघताना चालू गोळ्यांच्या सर्व पत्त्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात.

— ऊस विकास अधिकारी