फडातलं पिल्लू कुणाचं?

अकोले, संगमनेर, राहुरीकडे ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात आणि ‘बिबट्या!’ अशी आवई उठते. काही वेळा ती रानमांजराची किंवा वाघाटी या छोट्या जंगली मांजराची निघतात. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर दाट काळे ठिपके, शेपूट लांब. रानमांजराची शेपटी आखूड, टोकाकडे काळी वलयं. वाघाटीच्या कपाळावर पांढरे पट्टे, अंगावर तांबूस ठिपके. मोठी झाली तरी वजन जेमतेम दीड किलो. चिखलातल्या ठशात नखं पाहा: कुत्र्याची उमटतात, बिबट्याची सहसा नाही. बिबट्या इथे पाहुणा नाहीच. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या अकोल्यातल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. पिल्लू उचलू नका. आई बहुधा रात्री परतते. वनखात्याला १९२६ वर कळवा.