जाहीरनाम्याची भाषा आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर आपणांस
• निवडणूकपूर्व स्वतंत्र वित्तीय विश्लेषण म्हणजे काय, हे सांगता येईल;
• जाहीरनाम्यातील विधानांची भाषिक घडण ओळखता येईल;
• एखाद्या आश्वासनाच्या खर्चाचा ढोबळ अंदाज स्वतः करता येईल.

प्रास्ताविक

अर्थसंकल्प हा आकड्यांचा विषय आहे, भाषेच्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी संबंध नाही, असा एक समज आढळतो. तो अपुरा आहे. कर आणि खर्च यांविषयीचे निर्णय मतदारापर्यंत आकड्यांच्या आधी शब्दांतून पोहोचतात. म्हणून ते शब्द वाचता येणे हे व्यावहारिक मराठीच्या अभ्यासाचेच अंग होय. या पाठात २०२४ सालच्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीचे उदाहरण घेतले आहे. कोणता पक्ष योग्य, हे ठरवणे हा येथे हेतू नाही.

विवेचन

१. स्वतंत्र विश्लेषण म्हणजे काय?

सत्तेत असलेल्या किंवा सत्तेत येऊ इच्छिणाऱ्या पक्षांशी बांधील नसलेल्या संस्थेने आश्वासनांचा खर्च आणि त्यासाठी लागणारा पैसा यांचा मतदानापूर्वी मांडलेला हिशेब म्हणजे स्वतंत्र विश्लेषण. 'मतदानापूर्वी' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आपल्याकडे नियंत्रक व महालेखापरीक्षक ही घटनात्मक संस्था आहे. परंतु तिचे काम खर्च झाल्यानंतर सुरू होते. विश्लेषण खर्चापूर्वी प्रश्न विचारते.

नेदरलँड्समध्ये १९४५ साली स्थापन झालेली केंद्रीय नियोजन संस्था १९८६ पासून पक्षांच्या जाहीरनाम्यांची आर्थिक छाननी करीत आली आहे. पक्ष आपली आश्वासने स्वेच्छेने तिच्याकडे सोपवतात. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज ही संस्था सर्वच पक्षांचे कर व खर्चविषयक प्रस्ताव तपासते.

भारतात स्वतंत्र वित्तीय परिषदेची शिफारस एकाहून अधिक वित्त आयोगांनी केली. २०१७ साली एन. के. सिंह समितीनेही ती केली. जाहीरनाम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास सांगितले. त्यानुसार आश्वासनामागील तर्क आणि पैसा उभा करण्याचे मार्ग पक्षांनी स्थूलमानाने सांगावेत, अशी अपेक्षा आचारसंहितेत आली. मात्र 'स्थूलमानाने' या एका शब्दाने अपेक्षेची धार बरीच बोथट केली, हे भाषेच्या अभ्यासकाच्या लक्षात येईल.

२. शब्द काय सांगतात, काय झाकतात?

(अ) कर्मणी रचना : 'महिलांना दरमहा रक्कम दिली जाईल' या वाक्यात घेणारा आहे, रक्कम आहे, देणारा नाही. 'करदात्यांकडून किंवा कर्जातून घेतलेली रक्कम शासन महिलांना देईल' असे वाक्य पूर्ण केले की अर्थ बदलत नाही, परंतु दृष्टी बदलते.

(आ) 'माफी' आणि 'मोफत' : कर्जमाफीत शेतकऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरते, पण बँकेची रक्कम शासनाला भरावी लागते. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज मिळते, तेव्हाही वीजबिलाची भरपाई शासन वीज कंपनीला अनुदानातून करते. ही मदत अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नव्हे. तिची किंमत कोणीतरी चुकती करतो, एवढाच अर्थ आहे.

(इ) मर्यादादर्शक शब्द : 'पर्यंत', 'पात्र', 'टप्प्याटप्प्याने' हे शब्द लहान असतात, आश्वासनाचा आकार तेच ठरवतात.

(ई) 'तरतूद' आणि 'खर्च' : तरतूद ही परवानगी, खर्च ही घटना. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरू नयेत.

३. एक उदाहरण : हिशेब कसा मांडावा?

२८ जून २०२४ रोजी राज्याच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना' जाहीर झाली. पात्र महिलेस दरमहा १,५०० रुपये आणि वार्षिक तरतूद ४६,००० कोटी रुपये, असे तिचे स्वरूप होते. नोव्हेंबरमधील प्रचारात महायुतीने ही रक्कम २,१०० रुपये करण्याचे, तर महाविकास आघाडीने महिलांना दरमहा ३,००० रुपये देण्याचे आश्वासन दिले. कर्जमाफीचे आश्वासन दोन्ही बाजूंनी दिले.

लाभार्थी दोन कोटी धरून गुणाकार करू :

१,५०० रुपये × १२ महिने × २ कोटी = ३६,००० कोटी रुपये
२,१०० रुपये × १२ महिने × २ कोटी = ५०,४०० कोटी रुपये
३,००० रुपये × १२ महिने × २ कोटी = ७२,००० कोटी रुपये

त्याच अर्थसंकल्पात राज्याची महसुली जमा सुमारे ५ लाख कोटी रुपये अपेक्षित होती आणि सुमारे २०,००० कोटींची महसुली तूट दाखवलेली होती. म्हणजे जमेच्या दर शंभर रुपयांपैकी पहिल्या आश्वासनास सुमारे सात, दुसऱ्यास दहा आणि तिसऱ्यास चौदा रुपये लागतात. उरलेल्या रकमेतून वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज हे टाळता न येणारे खर्च आधी भागवावे लागतात. रस्ते, शाळा, पाणी यांचा क्रम त्यानंतर येतो.

येथून पुढचा प्रश्न कराचा. वस्तू व सेवा कराचे दर राज्य एकट्याने ठरवू शकत नाही. मुद्रांक शुल्क, मद्यावरील उत्पादन शुल्क, वाहन कर, इंधनावरील मूल्यवर्धित कर अशी मोजकीच साधने त्याच्या हाती उरतात. कर्ज काढण्यालाही केंद्राच्या संमतीची मर्यादा आहे. निवडणुकीनंतर मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद झाली. २,१०० रुपयांची वाढ त्यात नव्हती. जून २०२५ मध्ये मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवण्याचा निर्णय झाला. मतदानापूर्वीच्या साध्या गुणाकारातून या अडचणीची चाहूल लागू शकली असती.

४. हे काम तज्ज्ञांचेच आहे काय?

सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. माणसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील या गावी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. प्रवर्तक महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला होता. त्या पुन्हा गेल्या आणि कोणत्याही मुद्दलावरील व्याज आम्हांला विचारा, आम्ही तोंडी सांगतो, असे आव्हान त्यांनी अधिकाऱ्यांना दिले, ही हकीकत संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनी सांगितली आहे. अक्षरओळख नसली तरी हिशेबाची समज असू शकते, हे त्यातून दिसते. आपणांजवळ तर दोन्ही आहेत.

ज्या कुटुंबात १,५०० रुपयांनी महिन्याचा किराणा येतो, तेथे ही रक्कम क्षुल्लक नाही. म्हणूनच ती पुढील वर्षीही मिळेल का आणि तिच्यासाठी गावातील कोणते काम मागे पडेल, हे विचारण्याचा पहिला अधिकार लाभार्थींचाच आहे. हिशेब मागणे म्हणजे विरोध करणे नव्हे.

सारांश

स्वतंत्र विश्लेषण मतदाराला कोणाला मत द्यावे, हे सांगत नाही. मत देताना काय स्वीकारले जात आहे, हे सांगते. कोणाला, किती, किती काळ, कोठून आणि कशाऐवजी, हे पाच प्रश्न प्रत्येक आश्वासनास लावावेत. बहुतेक जाहीरनामे पहिल्या दोहोंची उत्तरे ठळक अक्षरांत देतात. शेवटच्या तिहींची उत्तरे वाचकाने शोधावयाची असतात.

स्वाध्याय

१. 'शेतकऱ्यांना मोफत वीज पुरवली जाईल' हे वाक्य देणाऱ्याचा उल्लेख करून पुन्हा लिहा.
२. ४६,००० कोटींच्या तरतुदीत दरमहा १,५०० रुपये वर्षभर किती महिलांना देता येतील? (सुमारे अडीच कोटी हे उत्तर कसे आले, ते मांडा.)
३. आपल्या मतदारसंघातील कोणत्याही एका आश्वासनास वरील पाच प्रश्न लावून दोनशे शब्दांत टिपण लिहा.