शेजाऱ्याचा जामीन

सहकारी चळवळीचा इतिहास शिकविताना आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांचा एक ठरलेला प्रघात असतो. प्रथम इंग्लंडातील रॉचडेलचे विणकर, नंतर जर्मनीतील शुल्झ-डेलिच आणि रायफायझन ही नावे घ्यावयाची, त्यांच्या पद्धतींतील फरक फळ्यावर दोन रकान्यांत लिहावयाचा आणि १९०४ च्या भारतीय कायद्यापाशी येऊन थांबावयाचे. गेली अठरा वर्षे मीही हेच करीत आलो आहे. रायफायझनच्या रकान्यात 'अमर्यादित जबाबदारी', 'एका गावापुरते कार्यक्षेत्र', 'विनावेतन कारभार', 'अविभाज्य राखीव निधी' असे मुद्दे येतात. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि परीक्षेत निमूटपणे परत करतात. हे मुद्दे एका श्रद्धावान ख्रिस्ती माणसाने बायबल वाचता वाचता आणि दुष्काळाशी झुंजता झुंजता शोधून काढले, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात एखाद्या विशेषणापुरतीच उरते. अर्थशास्त्राला श्रद्धेचे वावडे आणि धर्मचिंतकांना व्याजदराचे, असा हा प्रकार आहे. २०२५ हे आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले होते. त्या निमित्ताने झालेल्या भाषणांपैकी जी माझ्या कानांवर पडली, त्यांतही या माणसाची श्रद्धा कोणाला आठवली नाही.

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन याचा जन्म १८१८ मध्ये ऱ्हाइन नदीच्या पूर्वेकडील वेस्टरवाल्ड या डोंगराळ प्रदेशात झाला. नऊ भावंडांतील हा सातवा. औपचारिक शिक्षण बेताचेच. जे काही ज्ञान मिळाले ते गावच्या पाद्र्याच्या घरी. सतराव्या वर्षी सैन्यात गेला. परंतु डोळ्यांच्या विकाराने ती नोकरी सुटली आणि १८४५ मध्ये तो वायरबुश येथे बर्गरमास्टर, म्हणजे काही खेड्यांच्या समूहाचा प्रमुख अधिकारी झाला. पुढच्याच वर्षी पीक बुडाले. १८४६-४७ चा तो हिवाळा जर्मनीत भुकेचा हिवाळा म्हणून ओळखला जातो. सरकारकडून पीठ आले, पण ते रोख पैसे देणाऱ्यालाच विकावे अशी वरिष्ठांची आज्ञा होती. ज्याच्यापाशी रोख पैसा आहे तो उपाशी कशाला राहील, हा साधा प्रश्न त्या आज्ञेत कोणी विचारात घेतलेला नव्हता. रायफायझनने ती आज्ञा बाजूस सारून पीठ उधारीवर वाटले. गावातील सधन लोकांकडून पैसा उभा केला, सार्वजनिक भट्टी बांधली आणि गरिबांना बाजारभावापेक्षा कमी दराने, तोही उधारीवर, पाव मिळेल अशी व्यवस्था केली.

येथपर्यंतची कथा दानशूरांच्या कोणत्याही चरित्रात शोभेल अशीच आहे. खरा विचार पुढे सुरू होतो. १८४८ मध्ये त्याची फ्लामर्सफेल्ड येथे बदली झाली. तेथील शेतकऱ्याला भूक मारीत नव्हती, गुरांचा व्यापारी मारीत होता. गाय उधारीवर घ्यावयाची, हप्ता चुकला की गायही जावयाची आणि शेतही. आपल्याकडे ज्या सावकारी पाशामुळे १८७५ मध्ये सुप्याला आणि आसपासच्या गावांत खतपत्रांच्या होळ्या झाल्या, त्याचीच ही भावंड-व्यवस्था. (त्या व्यापाऱ्यांत ज्यूंची संख्या मोठी होती आणि रायफायझनच्या काही लिखाणात ज्यूद्वेषाची छटा उतरली आहे. शेजाऱ्यावर प्रेम करावयास निघालेल्या माणसाचे शेजाऱ्यांच्या यादीतून एक नाव गळावे, हे त्याच्या मोठेपणासमवेतच नोंदविले पाहिजे.) १८४९ च्या डिसेंबरात त्याने सुमारे साठ सधन नागरिकांना एकत्र आणले. त्यांनी सामूहिक जामीनकी पत्करली, त्या पतीवर कर्ज मिळाले, त्या पैशातून गुरे घेतली गेली आणि शेतकऱ्यांनी ती किंमत पाच वर्षांच्या हप्त्यांनी फेडावी असे ठरले.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचा जो प्रसंग आहे, तो रायफायझनच्या मनात घर करून होता. भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र आणि बंदिवानाची विचारपूस, अशाच कसोट्या तेथे लावल्या जातात. आम्हा अर्थशास्त्रज्ञांना हे दानाचे प्रकरण वाटते. कोणी विचारपूर्वक वाचलेच तर ते पुनर्वाटपाचे प्रकरण वाटेल. रायफायझननेही पहिली पंधरा वर्षे ते बहुतांशी दान म्हणूनच वाचले. १८५४ मध्ये हेडेसडोर्फ येथे काढलेल्या संस्थेचे नावच मुळी परोपकारी मंडळ असे होते आणि अनाथ मुलांचा सांभाळ, सुटून आलेल्या कैद्यांना काम अशी उद्दिष्टे तिच्यापुढे होती. परंतु ही संस्था थकत चालली. ज्यांना कर्जाची गरज नाही अशा सधनांनी, ज्यांना गरज आहे अशा निर्धनांसाठी आपली मालमत्ता वर्षानुवर्षे धोक्यात घालावी, हे पहिल्या उत्साहात घडते. पुढे सभांना गळती लागते. स्वतः न्यायाधीश राहिलेला आणि राजकारणाने उदारमतवादी असलेला शुल्झ-डेलिच त्याला हेच सांगत होता की, दानावर उभी असलेली संस्था टिकत नाही, स्वावलंबनावर उभी करा. रायफायझनने हे अनिच्छेने, जवळजवळ दुःखाने मान्य केले. १८६४ च्या हेडेसडोर्फच्या पतसंस्थेत कर्ज हवे असणारा स्वतःच सभासद होऊ लागला आणि प्रत्येक सभासद सर्वांच्या कर्जाला आपल्या सर्वस्वानिशी बांधला गेला.

आमची पाठ्यपुस्तके या वळणाला दानाकडून स्वावलंबनाकडे झालेला प्रवास असे म्हणतात. मला हे वर्णन अपुरे वाटते. अमर्यादित जबाबदारी शुल्झच्या संस्थांतही होती. पण तेथे भागभांडवल होते, लाभांश होता, म्हणजे धोक्याचा मोबदला होता. रायफायझनला लाभांश नको होता आणि राखीव निधी कोणालाही वाटून घेता येणार नव्हता. मग आपले शेत गहाण पडेल हा धोका सभासदाने कशासाठी पत्करावयाचा? शेजाऱ्यासाठी, एवढेच उत्तर उरते. म्हणजे दान गेले असे नाही. पूर्वी साठ जण देत होते, आता सगळेच देणारे आणि सगळेच घेणारे झाले.

येथे एक अडचण उभी राहते आणि बायबल रोज वाचणाऱ्या माणसाला ती जाणवल्यावाचून राहिली नसेल. जुन्या करारातील 'नीतिसूत्रे' या ग्रंथात शेजाऱ्याला जामीन राहणाऱ्यास एकदा नव्हे, अनेकदा धोक्याची सूचना दिली आहे. अंगाखालचे अंथरूणदेखील जाईल अशी भीती घातली आहे. उलट नव्या करारात पौलाचे फिलेमोनास लिहिलेले छोटेसे पत्र आहे. अनेसिम नावाचा दास धन्यापासून दूर झालेला. तुरुंगातून पौल त्याला परत पाठवितो आणि त्याचे काही देणे असेल तर ते आपल्या नावावर मांडावे असे स्वतःच्या हाताने लिहून देतो. एक ग्रंथ जामीनकीला मूर्खपणा म्हणतो, दुसऱ्यात तीच श्रद्धेची साक्ष ठरते. माझ्या समजुतीप्रमाणे रायफायझनची सारी रचना या दोन वचनांच्या मध्ये उभी आहे. एकट्याने परक्याला जामीन राहणे अविचाराचे खरे. पण जेथे चर्चचा घंटानाद ऐकू जातो तेवढ्याच टापूत, कर्जाचे कारण सर्वांसमोर सांगून, हिशेब गावच्याच विश्वासू माणसाकडे ठेवून, सर्वांनी सर्वांना जामीन राहिले तर धोका आटोक्यात येतो. शेजाऱ्याची गाय मेली तर तिचा हप्ता आपल्याला भरावा लागेल हे ज्याला ठाऊक आहे, तो ती गाय आजारी पडल्याचे ऐकून रात्री कंदील घेऊन गोठ्यात जातो. आस्था असेल तर जबाबदारी घेतली जाते, असा आपला समज असतो. येथे क्रम उलटा आहे. जबाबदारी आधी घेतली गेली, आस्था तिच्यामागून चालत आली.

घरच्या बाजूला मात्र हा हिशेब तितकासा जुळलेला दिसत नाही. १८६३ मध्ये पत्नी निवर्तली, डोळे जवळजवळ गेले, १८६५ मध्ये नोकरीही संपली. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेले पतसंस्थांविषयीचे त्याचे पुस्तक थोरली मुलगी अमालिया हिने लिहून घेतले आणि पुढे अविवाहित राहून १८८८ पर्यंत, म्हणजे त्याच्या मृत्यूपर्यंत, ती त्याची लेखनिक राहिली. लोकसेवेच्या खतावणीत घरच्या मुलींचे खाते सहसा कोणी उघडत नाही.

ही कल्पना भारतात दोन वाटांनी आली. पहिली वाट सरकारी. मद्रास सरकारने नेमलेल्या फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ च्या अहवालात रायफायझनसारखा माणूस शोधा असाच निष्कर्ष काढला आणि १९०४ च्या कायद्याने ग्रामीण संस्थांना सामान्यतः अमर्यादित जबाबदारीचे बंधन घातले. कायद्याला बंधन घालता येते, माणूस शोधता येत नाही. आपले गाव म्हणजे एक पॅरिश नव्हे. वाडे, आळ्या आणि वेशीबाहेरची वस्ती यांचे ते मिळून झालेले. ज्याच्या घरचे पाणी चालत नाही त्याच्या बैलासाठी आपली जमीन कोण बांधून देणार? सधन शेतकरी दूर राहिला आणि निर्धनाची जामीनकी निर्धनाने घेण्यात अर्थ उरला नाही. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आढळला. १९५४ च्या अहवालाने मग मोठ्या संस्था, मर्यादित जबाबदारी आणि सरकारी भागीदारी यांची शिफारस केली. महाराष्ट्रातील सहकाराचा पुढचा डोलारा त्या पायावर वाढला. त्याने पुष्कळ काही दिले. ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

दुसरी वाट चर्चच्या अंगणातून गेली. ऱ्हाइनकडच्याच मुलखातला योहान बाप्टिस्ट हॉफमन हा जेझुइट पाद्री छोटा नागपुरात मुंडा आदिवासींमध्ये राहिला. त्यांची भाषा शिकला, जमिनीच्या हक्कांसाठी झगडला, आणि १९०९ मध्ये रांचीला त्याने रायफायझनच्या धर्तीवर कॅथलिक सहकारी पतसंस्था उभारली. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून त्याला देश सोडावा लागला; मुंडा भाषेचा आणि संस्कृतीचा त्याचा विश्वकोश सर्वांना ठाऊक आहे, पतसंस्था थोड्यांना. मंगळूरला १९१२ मध्ये आणि आपल्या वसईला १९१८ मध्ये मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिकांच्या पतसंस्था निघाल्या. भाजीपाला, केळी आणि पानवेली यांवर जगणाऱ्या वसईच्या वाड्यांतून उभी राहिलेली ती छोटी संस्था आज मोठी बँक आहे. या संस्थांचे कायदेशीर रूप काहीही असो, कर्ज मागणारा आणि कर्ज देणारा रविवारी एकाच बाकावर बसतात हे त्यांचे खरे तारण होते. याला दुसरी बाजू आहेच. जो त्या बाकावर नव्हता, त्याचे काय? उत्तर रायफायझनपाशी नव्हते आणि रविवारच्या बाकापाशीही नसते.

अलीकडे सामूहिक जामीनकी पुन्हा प्रचारात आली आहे. पाच-दहा बायकांचा गट करावयाचा, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरावयाचा. सूक्ष्म वित्तपुरवठा करणाऱ्या कंपन्यांनी हे तंत्र उचलले, आणि २०१० मध्ये आंध्र प्रदेशात त्याची परिणती कशात झाली हे आपण पाहिले. तेथे जामीनकी होती, पण तिच्यापासून होणारा नफा गटाबाहेर जात होता. शेजारीण आजारी पडली तर तिच्या दारी जावयाचे ते विचारपूस करायला नव्हे, वसुलीला. रायफायझनचे यंत्र जसेच्या तसे उचलले आणि त्यातला शेजारी तेवढा काढून घेतला, तर काय उरते ते येथे दिसले.

हे सारे मी अधिकारवाणीने लिहीत आहे. पण एक गोष्ट सांगितल्याखेरीज तो अधिकार मला पोहोचत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एक प्रयोगशाळा परिचर सेवक पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी रक्कम हवी होती आणि दोन जामीनदारांपैकी एकाची सही राहिली होती. मी नुकताच वर्गावरून आलो होतो. विषय, दुर्दैवाने, रायफायझनच होता. माझी जामीनकीची मर्यादा संपली आहे असे मी त्याला सांगितले. ते खरे नव्हते. तो "बरं सर" म्हणून गेला. ग्रंथालयातील एका शिपायाने सही केल्याचे मला नंतर कळले. शिपाई नगर जिल्ह्यातला, ख्रिस्ती. एवढेच मला त्याच्याविषयी ठाऊक होते.

२०२१ मध्ये तो परिचर करोनाने दगावला. पुढे संस्थेच्या हिशेबतपासणी समितीवर माझी नेमणूक झाली, तेव्हा वेतनकपातीच्या नोंदवहीत त्या शिपायाच्या नावापुढे अकरा महिने एक रक्कम वळती झालेली मला दिसली. त्याने कोणापाशी याचा उच्चार केलेला नव्हता. मी त्याला ग्रंथालयात गाठून विचारले की, संस्थेकडे सवलतीचा अर्ज तरी का केला नाहीस? तो परत आलेली पुस्तके लावीत होता. म्हणाला, "सर, सही करताना वाचलं होतं की. जामीनदार म्हणून लिहिलं होतं." मग थोडा वेळ थांबून त्याने विचारले, "त्याच्या पोरीचं बारावीचं वर्ष आहे. तुमच्याकडे अर्थशास्त्राची जुनी पुस्तकं असतील का?"