ऋषिपंचमीची भाजी आणि घरपोंच बियाणें

भाद्रपद शुद्ध पंचमीस आपल्या घरांतून जी भाजी शिजते, तिची अट सर्व भगिनींस ठाऊक आहेच. बैलाच्या कष्टाचें त्या दिवशीं कांहींहि खावयाचें नाहीं. घरामागें परसूं होतें तोंवर ही अट जड वाटत नसे. अळूं, माठ, दोडका, भेंडी, भोपळा, सारें हाताशींच असे. आतां ही भाजीहि बहुतेक घरीं बाजारांतून येते, व ती कोणत्या शेतांतली हें विचारण्याच्या भरीस कोणी पडत नाहीं.

मनमाड-भुसावळ लोहमार्गावरचें आमचें नांदगांव पाण्याला दुर्मिळ. तरी डाळतांदूळ धुतलेल्या पाण्यावर गच्चींतील दहाबारा कुंड्या सहज जगतात. या भरंवशावर दोन वर्षांपूर्वीं आम्हीं मोबाईलवरून बियाणें मागविलें. चित्रें मोठीं मोहक होतीं. चार दिवसांत पुडकें दारीं आलें. मृगाचा पाऊस पडतांच सर्व पेरलें. दोडका मुळींच उगवला नाहीं. भेंडीच्या वीस बियांतून तीन रोपें वर आलीं. विक्रेत्याचें उत्तर आलें, “पाणी जास्त झालें असेल.” तोंवर आषाढ सरला होता. पंचमीच्या दिवशीं सासूबाईंनीं कुंड्यांकडे एकवार पाहिलें आणि मुकाट्यानें वरी शिजत ठेवली. त्यांनीं वर्षानुवर्षें राखेंत जपलेलें दोडक्याचें बियाणें, “आतां हवें तेव्हां मिळतें,” असें म्हणून मींच टाकून दिलें होतें. तें आठवून मला फार वाईट वाटलें.

मग मीं पुडकें नीट पाहिलें. त्यावर ना तपासणीची तारीख, ना उगवणशक्तीचा आंकडा! आपल्याकडे १९६६ चा बियाणें कायदा आहे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळी खूणचिठ्ठी असते, व विक्रेता स्वतःच्या हमीवर विकतो त्यास हिरवट. दोहोंवरहि उगवणशक्ति व तपासणीची तारीख असावी लागते. ही तपासणी सामान्यतः नऊ महिनेच ग्राह्य धरतात. भेंडीची उगवण शेंकडा ६५, टोमॅटो व वांग्याची ७०, मिरचीची ६० याहून कमी नसावी. मागविण्यापूर्वीं हा मजकूर चित्रांत दिसत नसेल, तर तें पुडकें घेऊं नये.

दुसरी गोष्ट वाणाची. बंगळूरची भारतीय बागवानी संशोधन संस्था आपलें बियाणें ऑनलाइन विकते. तिची ‘अर्का अनामिका’ भेंडी सरळ वाणाची असल्यामुळें तिचें बीं पुढील सालीं धरतां येतें. ‘अर्का रक्षक’ टोमॅटो संकरित, म्हणून त्याचें बीं धरल्यास तसेंच फळ येण्याची खात्री नाहीं. घरीं बीज राखावयाचें असेल त्यांनीं सरळ वाणच मागवावें. गुलाबी अथवा निळा रंग चढविलेलें बियाणें औषध लावलेलें असतें. तें मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. न मागवितां परदेशांतून आलेलें पुडकें तर मुळींच पेरूं नये. अशा पुडक्यांविषयीं १९२० नव्हे, अगदीं अलीकडे, २०२० सालीं केंद्र सरकारनें सावध केलें होतें.

पेरण्यापूर्वीं दहा बिया ओल्या फडक्यांत गुंडाळून उबेंत ठेवाव्या. आठवड्याभरांत सहासातांस मोड आले तर बियाणें चांगलें. ही परीक्षा वैशाखांतच केली, तर मृगापूर्वीं दुसरें आणण्यास अवसर मिळतो. तयार रोपें मात्र जवळच्या रोपवाटिकेंतून घ्यावीं. बंद खोक्यांत तीं कोमेजतात. कुरिअरनें आलींच, तर दोनतीन दिवस सांवलींत ठेवून संध्याकाळीं लावावीं.

अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी बियाण्यांची पेढी उभारली. त्यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. त्यांचें मोठें काम आपल्या हातून होणें नाहीं. पण एका दोडक्याचें बीं राखणें कोणत्या घरांत अशक्य आहे?

यंदा माहेराहून एक वाळलेला दोडका मीं मागून आणला आहे. सासूबाईंनीं तो स्वयंपाकघरांतील खुंटीस टांगला आणि राखेचा डबा धुवून उन्हांत ठेवला.